घट्ट झालेलं नेलपॉलिश परत पातळ कसं करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नेलपॉलिशची बाटली तळापर्यंत वापरून संपलीय असं सहसा होतच नाही बघा. ती अर्ध्यावर येते आणि घट्ट होते, मग ब्रश वर काढला की काकवीसारखी तार सुटते, नखावर एक हात द्यायला गेलं की रेघा उमटतात आणि वरनं वाळलं तरी आतनं ओलंच राहतंय. आणि हे कळतं कधी, तर गौरी यायच्या आदल्या रात्री नाहीतर लग्नाला निघायच्या तासभर आधी. मग घरातली प्रत्येक जण एकेक उपाय सांगते, रिमूव्हर घाल, ॲसिटोन घाल, सेंट घाल, थोडं खोबरेल घाल, आणि बाटली कायमची जाते.

मी बेळगावच्या शहापुरातल्या एका पार्लरमध्ये काही वर्षं काम केलंय, तिथं रॅकवर शंभरेक बाटल्या असायच्या आणि उन्हाळा संपेस्तोवर त्यातल्या निम्म्या घट्ट व्हायच्या, त्यामुळं हे काम हातात बसलं. क्लासला नवीन आलेल्या मुली आणि घरी स्वतःच करणाऱ्या बायका, दोघींसाठी लिहितेय. अवघड काही नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची, बाटलीतनं जे उडून गेलंय तेच आणि तेवढंच परत घालायचं, दुसरं काही नाही.

आणि हो, तीस-चाळीस रुपयांची लाल बाटली असेल, जी कुठल्याही फॅन्सी स्टोअरात परत मिळते, तर एवढी खटपट करू नका, नवीन आणा. शेड आता मिळत नसेल, बाटली महागाची असेल किंवा पार्लरमध्ये एकदम वीस बाटल्यांचा प्रश्न असेल तर वाचा पुढं.

१. आधी बघा, ते खरंच घट्ट झालंय का

ब्रश पूर्ण बुडवून वर काढा आणि बाटलीवरच आडवा न धरता उभा धरा. चांगल्या पॉलिशचा थेंब ब्रशच्या टोकाला येतो, क्षणभर थांबतो आणि पडतो. घट्ट झालेलं पडतच नाही, लोंबकळतं, तार येते. पण तार आली म्हणजे लगेच थिनर, म्हणजे उडून गेलेला द्रव भरून काढायला घालतात तो, घालायला धावायचं नाही, कारण यात चार-पाच वेगवेगळे प्रकार असतात.

गार झालेलं. फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली किंवा डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची सकाळ, तेव्हा कुठलंही पॉलिश जडच चालतंय. अर्धा तास बाहेर ठेवा, मुठीत धरा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच काम होतं.

खाली बसलेलं. वर पाण्यासारखं आणि तळाला रंगाचा साका. हे घट्ट झालेलं नाही, नुसतं ढवळायचंय. हातात फिरवा, पायरी ७ मध्ये लिहिलंय तसं.

जेल पॉलिश. ही बाटली बहुतेक काळी किंवा बाहेरनं रंग दिलेली असते, आतलं दिसत नाही, आणि लेबलवर यूव्ही किंवा एलईडी लिहिलेलं असतं. याचं सगळं गणितच वेगळं. जेल हवेनं वाळत नाही, लाइटनं घट्ट होतं. खिडकीजवळ ठेवून किंवा लॅम्पच्या शेजारी झाकण उघडं राहून जे घट्ट झालं ते आता प्लास्टिक झालं, त्याला कुठलाच थिनर लागू पडत नाही. साधा थिनर जेलमध्ये घातलात तर उरलेलं पण नीट क्युअर होणार नाही, म्हणजे लाइटखाली पक्कं होणार नाही, आणि अर्धकच्चं जेल कातडीला लागून काहींना ॲलर्जी होते, बोटं लाल होऊन खाज सुटते. जेल घट्ट झालं तर टाकून द्या, वाद नको.

लहान मुलींचं पाण्याचं पॉलिश. हल्ली बाजारात येतंय, नखावरनं सोलून निघतं ते. घटकांच्या यादीत पहिलं नाव पाणी किंवा ॲक्वा असेल तर त्यात थिनर नाही, स्वच्छ पाण्याचा एखादा थेंब.

राहिलं ते आपलं नेहमीचं पॉलिश. आणि ते जर बाटलीला चिकटून गोळाच झालं असेल, ब्रश उभा रुतत असेल, तर थिनरनं कदाचित विरघळेल पण नखावर ती चमक येत नाही. मी असलं काढत बसत नाही.

२. घट्ट का होतंय ते दोन मिनिटं समजून घ्या

साध्या नेलपॉलिशमध्ये मुख्य माल म्हणजे नायट्रोसेल्युलोज. हाच नखावर पापुद्रा धरतो. त्याच्याबरोबर चिकटपणा आणि चमक यायला रेझिन, पापुद्रा ठिसूळ होऊ नये म्हणून प्लास्टिसायझर, रंगाची पूड आणि रंग तळाला बसू नये म्हणून एक प्रकारची माती असते. हे सगळं विरघळून आणि तरंगत राहतं ते इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट या दोन द्रवांमध्ये. पॉलिशचा जो वास येतो तो बऱ्यापैकी यांचाच.

नखावर लावल्यावर हे दोन द्रव उडून जातात आणि बाकीचं मागं राहतं, त्यालाच आपण वाळलं म्हणतो. बाटलीत पण तेच होतंय, फक्त हळू. झाकण नीट लागलं नाही, गळ्याला वाळलेला रंग साचून फट राहिली, पंख्याखाली बसून वीस मिनिटं बाटली उघडी ठेवून दहा बोटं रंगवली, की प्रत्येक वेळी थोडं थोडं उडतं. रंग, रेझिन, माती जिथल्या तिथंच असतात. म्हणून तर हे परत सुधारता येतं.

३. काय काय लागेल

- नेलपॉलिश थिनर
- बारीक ड्रॉपर, काचेचा असला तर उत्तम (थिनरच्या काही बाटल्यांना झाकणातच असतो)
- कापूस किंवा जुना सुती कपडा. टिश्यू नको, त्याची लव गळ्याला चिकटते
- रिमूव्हर, फक्त बाहेरनं पुसायला, बाटलीत घालायला नाही
- खाली अंथरायला जुना पेपर
- वाटीभर कोमट पाणी
- जमलं तर पॉलिशमध्ये टाकायच्या स्टीलच्या बारीक गोळ्या, गंज न चढणाऱ्या

पेपर विसरू नका. थिनर प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर, मोबाईलच्या कव्हरवर, पॉलिश केलेल्या लाकडी पाटावर सांडला की डाग पडतो आणि तो डाग निघत नाही.

४. थिनर आणायला गेल्यावर

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली या बाजूला पार्लरचं सामान ठेवणारी दुकानं बघा, बांगड्या-टिकल्यांच्या साध्या दुकानात थिनर सहसा नसतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडं राहणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या पार्लरवाल्या अक्कांनाच विचारावं, त्या कुठनं आणतात ते कळतं, नाहीतर ऑनलाइन मागवायचा. गोकाक-बैलहोंगल बाजूला दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर सरळ विचारा, "नेलपॉलिश थिनर ऐतेनु?" (आहे का?) आणि त्यानं रिमूव्हर पुढं केला तर "रिमूव्हर ब्याड, थिनर बेकु" (रिमूव्हर नको, थिनर पाहिजे). आणि तो रिमूव्हर पुढं करणारच, मराठी बोलणारा असला तरी करणार, कारण दिवसाला रिमूव्हर मागणाऱ्या पन्नास येतात आणि थिनर मागणारी एखादी.

"अक्का, एकच असतंय की सगळं, घेऊन जावा" असं म्हणाला तर हसून बाटली उलटी करा आणि घटक वाचा. इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट ही नावं सुरुवातीला पाहिजेत. सोबत थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा हेप्टेन असलं तर चालतं. ॲसिटोन, पाणी, ग्लिसरीन, तेल, व्हिटॅमिन ई, सुगंध यातलं काही दिसलं तर तो रिमूव्हर आहे, पुढच्या बाजूला काही का लिहिलेलं असेना. "ॲसिटोन फ्री" लिहिलेल्या रिमूव्हरमध्ये पण इथाइल ॲसिटेट असू शकतं, त्यामुळं एकच नाव बघून फसू नका, पूर्ण यादी वाचा.

दुसरा सापळा हार्डवेअरचा. घरात भाऊ नाहीतर काका उद्यमबागेत कामाला असतील तर ते हमखास म्हणणार, थिनर ना, आमच्या कारखान्यात कॅनच्या कॅन पडलेत, बाटलीभर आणतो. त्यांचं पूर्ण चूक नाही. १९२० च्या दशकात मोटारींना जो पटकन वाळणारा रंग द्यायला लागले तो नायट्रोसेल्युलोजचाच होता आणि आजचं नेलपॉलिश त्याच घराण्यातलं. पण लाकूड-लोखंडासाठीच्या एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या) थिनरमध्ये टोल्युइनसारखी कडक द्रव्यं असतात, डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, आणि तो माणसाच्या अंगाला लावायच्या हिशोबानं बनवलेला नसतोच. काकांना नाही म्हणा. वाईट वाटलं तर वाटू दे.

५. बाटलीत काय घालायचं नाही

हे जरा सविस्तर लिहिते, कारण बाटल्या खराब होतात त्या इथंच.

ॲसिटोन. यावरनं सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण ॲसिटोन घातल्यावर पॉलिश खरोखर पातळ होतं आणि घालणारी म्हणते बघ झालं की. त्या दिवसापुरतं होतंच. पण ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं, इथाइल ॲसिटेट ७७ ला आणि ब्युटाइल ॲसिटेट १२६ ला. म्हणजे ॲसिटोन सगळ्यात आधी पळतं. नखावर लावलं की ते भसकन उडतं, पॉलिशला सपाट पसरायला वेळच मिळत नाही, रेघा आणि बुडबुडे तसेच राहतात. बाटलीतनं पण तेच आधी उडतं, म्हणून काही दिवसांनी परत घट्ट, मग परत ॲसिटोन, असं चालू राहतं. शिवाय रंग धरून ठेवणारी घडी बिघडते, रंग तळाला बसतो, चमक जाते, टवके उडतात.

आणि आपल्याकडं पावसाळ्यात एक जास्तीचं. जून ते सप्टेंबर खानापूरकडं आणि बेळगावात हवेत नुसतं पाणी असतंय. द्रव भसकन उडाला की पापुद्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाल पॉलिश वाळल्यावर पांढुरकं, धुरकट दिसतं. लाकडाला पॉलिश मारणारे मिस्त्री पावसात काम धरत नाहीत त्याचं एक कारण हेच. ॲसिटोन घातलेल्या पॉलिशला हा त्रास जास्त.

रिमूव्हर. यात ॲसिटोन किंवा दुसरा द्रव तर असतोच, वर पाणी, ग्लिसरीन, तेल, रंग, वास. पाणी नायट्रोसेल्युलोजमध्ये मिसळत नाही, गुठळ्या होतात, दह्यासारखं फाटतं. बनवलाय पॉलिश मोडायला आणि आपण तो जोडायला वापरायचा, कसं चालेल?

सेंट, स्पिरिट, सॅनिटायझर. अल्कोहोल एकट्यानं हे पॉलिश नीट विरघळवत नाही. सॅनिटायझरमध्ये तर पाणी आणि जेल पण असतं.

खोबरेल, बेबी ऑइल. तेल राहिलं की पॉलिश नखाला धरतच नाही. दुसऱ्या दिवशी सोलून येतं.

पेट्रोल, रॉकेल. असलं कोण करतं म्हणाल, पण विचारणाऱ्या भेटल्यात. नाही.

दुसरं पातळ पॉलिश किंवा टॉप कोट. हे धोक्याचं नाही, पण शेड बदलते आणि घट्टपणाचं कारण तसंच राहतं. टॉप कोटमध्ये पण रेझिन असतंच ना, त्यानं एकूण माल वाढतो, द्रव नाही.

६. झाकण उघडा, गळा आणि ब्रश साफ करा

ही पायरी सगळ्या जणी गाळतात. गळ्याच्या आट्यांवर वाळलेला रंग असेल तर झाकण कधीच घट्ट बसणार नाही, मग आज थिनर घाला, पंधरवड्यानं परत तेच.

झाकण उघडतच नसेल तर दातानं, पकडीनं, सुरीनं काही करू नका, काचेचा गळा तुटतो आणि हात कापतो. बाटली उलटी धरून फक्त झाकणाचा भाग गरम पाण्यात दोनेक मिनिटं बुडेल असं बघा, किंवा गरम पाण्यात पिळलेलं फडकं झाकणाला गुंडाळा. मग झाकणाला रबरबँड चार वेढे गुंडाळून फिरवा, पकड चांगली बसते. तरी नाही निघालं तर आटीच्या फटीत ड्रॉपरनं दोन थेंब रिमूव्हर सोडा, बाटली आडवी करून नाही, उभीच, आणि पाच मिनिटांनी परत फिरवा.

उघडल्यावर कापूस रिमूव्हरमध्ये बुडवून पिळून घ्या, थबथबीत नको, आणि गळा बाहेरनं पुसा. आत एक थेंब जाता कामा नये. झाकणाच्या आतली आटी पण पुसा. ब्रशचे केस चिकटले असतील तर ते रिमूव्हरमध्ये धुवा, कपड्यावर पूर्ण कोरडे करा, आणि मग एकदा थिनरमध्ये बुडवून पुसून परत बाटलीत घाला, म्हणजे रिमूव्हर बाटलीत जात नाही. ब्रशचे केस फेंदारलेले असतील तर जुन्या संपलेल्या बाटलीचा ब्रश साफ करून लावता येतो, पण लांबी आणि झाकणाची आटी जुळते का बघून.

७. कोमट पाणी, आणि आगीपासून लांब

झाकण घट्ट लावा आणि बाटली वाटीतल्या कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं उभी ठेवा. अंघोळीला घेतो तेवढं कोमट, उकळतं नाही. मग बाहेर काढून पुसा आणि दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून रवी घुसळतो तशी मागंपुढं फिरवा. वरखाली जोरात हलवायचं नाही, त्यानं हवा आत शिरते आणि लावताना बुडबुडे येतात. कित्येकदा इथंच लक्षात येतं की थिनर लागणारच नाही किंवा एखाद्याच थेंबावर भागणार आहे. म्हणून ही पायरी थिनरच्या आधी.

गॅसवर, चुलीजवळ, बंबाजवळ, मायक्रोवेव्हमध्ये काही करायचं नाही. इथाइल ॲसिटेटची वाफ शून्याच्या खाली चार अंशाला पण पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या खोलीत ती कायमच पेटण्याजोगी असते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड, वर जात नाही, फरशीवरनं सरकते. आपण बसतो कुठं, तर जमिनीवर चटई टाकून, सणाचे दिवस, पलीकडं देवापुढं समई आणि उदबत्ती पेटलेली. त्या खोलीत थिनरची बाटली उघडू नका. खिडकी असलेल्या दुसऱ्या खोलीत किंवा सोप्यात बसा. मोठा पंखा अंगावर नको पण हवा खेळती पाहिजे. दम्याचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर हे काम दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या, आणि पोरं जवळ नकोत.

८. थेंब मोजून घाला

इथं एक घोळ होतो. युट्यूबवर बाहेरच्या बायकांचे व्हिडिओ बघून आपण पाच-सहा थेंब घालतो, पण त्यांच्या बाटल्या असतात १५ मिलीच्या आणि आपल्याकडच्या बहुतेक ५ ते १० मिलीच्या. त्यात ती अर्धी संपलेली. म्हणजे तुमच्या हातात खरं पॉलिश आहे तीन-चार मिली, त्याला सहा थेंब म्हणजे पाणी पाणी.

माझा हिशोब असा. अर्ध्या छोट्या बाटलीला एक थेंब, फार घट्ट असेल तर दोन. भरलेल्या मोठ्या बाटलीला दोन ते तीन. थेंब मधोमध सोडायचा, गळ्याला लागून ओघळू द्यायचा नाही. झाकण लावा, तळहातात एक-दोन मिनिटं फिरवा, आणि मग बाजूला ठेवून द्या. लगेच बघितलं तर वाटतं काहीच झालं नाही, कारण थिनर वरच्या थरातच असतो, घट्ट मालात उतरायला वेळ घेतो. पंधरा-वीस मिनिटांनी परत फिरवा आणि पायरी १ मधली थेंबाची चाचणी घ्या. कमी वाटलं तर अजून एक थेंब, परत थांबा. दोन कार्यांच्या मधल्या घाईत हे होत नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी करून रात्रभर ठेवलं तर सगळ्यात छान बसतं.

स्टीलच्या गोळ्या असतील तर दोन टाका, साका हलवायला बऱ्या पडतात. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकू नका, गंजले की फिकट शेड पिवळट पडते.

ग्लिटरवाल्या पॉलिशचं वेगळं सांगते. ते मुळातच घट्ट बनवलेलं असतं, कारण पातळ असलं तर टिकल्या तळाला जाऊन बसतील. त्याला साध्या क्रीम शेडएवढं पातळ करायला जाऊ नका, ब्रश फिरला की पुरे. मॅट पॉलिश पण जपून, थिनर जास्त झाला की ते ठिपक्याठिपक्याचं दिसतं.

९. नखावर जायच्या आधी बघून घ्या

जुन्या प्लास्टिकच्या चमच्यावर किंवा एका करंगळीच्या नखावर एक पातळ हात द्या. रेघा आपोआप भरून येतात का, पाच-दहा मिनिटांत वरनं बोट लावलं तर चिकटत नाही इतकं वाळतं का, वाळल्यावर चमक आहे का. रेघा राहिल्या तर अजून घट्ट आहे. कडेला पळून नखाच्या बाजूच्या कातडीत उतरलं आणि मधे रंग विरळ दिसला तर पातळ झालंय. पांढुरकं झालं तर हवा दमट आहे किंवा कुणीतरी आधीच यात ॲसिटोन ओतून ठेवलंय, घरात विचारून बघा, कबूल कुणी करणार नाही.

जास्तच पातळ झालं तर घाबरायचं कारण नाही. हवेशीर जागी, विस्तवापासून लांब, झाकण काढून बाटली थोडा वेळ उघडी ठेवा आणि मधे मधे बघत राहा. जे घातलं तेच उडून जाईल. मात्र धूळ आणि केस पडू नयेत म्हणून वर कागद सैल ठेवा, आणि ठेवून झोपू नका.

लावताना दोन पातळ हात द्या, मधे पाच मिनिटं सोडून. एकच जाड हात देऊन काम उरकायची सवय असेल तर थिनर कितीही नीट घातला तरी ते आतनं ओलंच राहणार.

१०. टाकायचं कधी आणि कसं

बाटलीवर उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं, आत १२एम किंवा २४एम लिहिलेलं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. आपल्या घरात तारखेच्या पुढं गेलेल्या बाटल्याच जास्त असतात ते मला माहितीय, आणि वास नेहमीचा आहे, रंग एकजीव होतोय, तर मी पण लगेच टाकत नाही. पण फिरवून फिरवून पण दोन थर वेगळेच राहतात, वास आंबूस किंवा विचित्र येतो, गुठळ्या मोडत नाहीत, तर थिनरवर पैसे घालू नका. नखाला बुरशी किंवा दुसरं इन्फेक्शन झालेलं असताना ज्या बाटलीचा ब्रश वापरला ती पण ठेवायची नाही, पार्लरमध्ये तर अजिबात नाही.

उरलेलं पॉलिश किंवा थिनर मोरीत, बेसिनमध्ये, गटारात ओतायचं नाही. पॉलिश बाहेर जुन्या पेपरवर पसरून पूर्ण वाळू द्या, मग घडी करून वेगळ्या पिशवीत, बाटली वेगळी, आणि कचऱ्याची गाडी आली की ओल्या-सुक्यात न टाकता औषधं-बॅटरीच्या कचऱ्यासारखं वेगळं द्या. आणि पालापाचोळा पेटवतात त्या ढिगावर तर चुकून सुद्धा टाकू नका.

११. परत घट्ट होऊ नये म्हणून

दोन-तीन बोटं झाली की झाकण लावा, पुढच्या हाताला परत उघडा. लावून झाल्यावर बाटली ठेवायच्या आधी गळा पुसा, ताजा रंग कोरड्या कपड्यानं पण निघतो. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की गळ्यात रंग बसतो. पर्समध्ये आडवी पडून कोल्हापूरच्या बसला गेलेली बाटली परत आल्यावर उघडतच नाही, ते याचमुळं.

जागा अंधारी आणि गार, कपाटाचा खालचा कप्पा चांगला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवू नका. फ्रिज मला स्वतःला आवडत नाही, घट्ट व्हायचा वेग कमी होतो खरा, पण गार बाटली दमट हवेत उघडली की आत ओल धरते आणि शिवाय फ्रिजमध्ये खायचं असतंय. पार्लरवाल्यांनी थिनरचा ड्रॉपर प्रत्येक बाटलीला वेगळा लागत नाही, पण एका बाटलीच्या पॉलिशला टोक लागलं की पुसूनच दुसरीकडं न्यायचं, नाहीतर पांढऱ्या शेडमध्ये मरूनचा धागा येतो.

थिनरची बाटली पण तशीच उडून जाते, त्यामुळं घरच्यासाठी घेताना मोठी घेऊ नका, सगळ्यात छोटी मिळेल ती घ्या आणि वहिनी, जाऊबाई, शेजारच्या मावशी मिळून वापरा, एका घरात ती संपता संपत नाही.